कांडीचे वकील जनूशेठ

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा दरवाजा पायाने अडवून उभं राहायचा मक्ता जनूशेठकडे होता. पाय आत, धड बाहेर, लिफ्ट कोकलतेय, आत गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस आणि पहिल्या तासाला उशीर झालेली शाळेतली बाई, म्हणजे मी. आणि जनूशेठ शांतपणे विचारणार, "बाय, कांडीचा नवा आयकलंस का?"

"नाही ऐकलं. उशीर होतोय मला."

"पयला ऐक, मंग उशीर कर," असं म्हणून ते खिशातला फोन काढणार. सिलिंडरवाल्याच्या तोंडावर घामाची धार, आणि फोनमधून ठेका सुरू.

कांडी म्हणजे काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडू दे, आमच्या भिवंडीतल्या लोकांनाही पडतो. यंत्रमागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली जी नळी बसवतात, ती कांडी. ती संपली की माग थांबतो. ज्याचा बाप जन्मभर त्या कांड्या बदलत राहिला अशा एका तरुणाने तेच नाव घेतलं आणि रॅप करायला लागला. दिवसा तो भिवंडीला लागून असलेल्या पूर्णा गावातल्या एका गोदामात खोक्यांवर स्कॅनर मारतो. त्याची गाणी बघणाऱ्यांची संख्या आमच्या सोसायटीच्या सभेला येणाऱ्यांपेक्षा जरा बरी असेल. त्यातही निम्म्या वेळा बघणारे एकटे जनूशेठच असणार, असा माझा अंदाज होता.

जनूशेठ पासष्टी ओलांडलेले. पांढरा लिननचा शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड चेन, पायात मात्र रबरी चप्पल. मूळचे पूर्ण्याचे आगरी शेतकरी. भाताची जमीन होती, ती मुलाच्या आग्रहाने विकली आणि तिच्यावर एवढं मोठं गोदाम झालं की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येत नाही. मुलगा प्रदीप ठाण्याला मोठ्या संकुलात राहायला गेला. बायको वारली. गावातलं घर खायला उठतं म्हणून जनूशेठ आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायला आले, आणि आल्या आल्या त्यांना हे रॅपचं वेड लागलं. दुःखाने होतं माणसाला असं, असं सगळे म्हणाले. कोणी देवाला लागतं, कोणी दारूला लागतं, जनूशेठ कांडीला लागले.

रोज सकाळी चालायला म्हणून ते रिक्षाने पूर्ण्याला जात. चालायला रिक्षाने का, हे विचारायची सोय नव्हती. गोदामाच्या फाटकासमोर उभं राहून आत बघत. एकदा नव्या वॉचमनने हटकलं. जनूशेठ म्हणाले, "आरं, तू जिथं उभा हायस ना, तिथं माजी म्हस बांधायचो." तो बिचारा दरभंग्याहून आलेला. म्हणाला, "चाचा, साइड में हो जाव, ट्रक आ रहा है." जनूशेठ बाजूला झाले. हा किस्सा ते हसत हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर कांडीचं 'गेटपास' हे गाणं लावल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यातल्या चार ओळी मला नाइलाजाने पाठ झाल्या:

शेतावर शेड, शेडला शटर,
शटरला कुलूप, कुलपाला वॉचमन,
वॉचमन बोलतो, काका, गेटपास दिखाव,
काका खिशात हात घालतो, निघते माती.

मी गेली कित्येक वर्षं शाळेत मराठी शिकवते. पोरांच्या निबंधांनी माझी सहनशक्ती वाढवली आहे, पण चव बिघडवलेली नाही. मी म्हटलं, "शेठ, यमक कुठे आहे यात? शटर, वॉचमन, दिखाव, माती. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे का?"

त्यांचे डोळे लकाकले. गिऱ्हाईक सापडलं होतं.

"आगं, सगल्या लाईनी जुलल्या तर तो पाढा झाला! बे एके बे! इथं बग, तीन लाईनी तुला झुलवत नेतो आनि चवथीला सोडून देतो. धपकन. मातीशी काय जुलवायचं त्यानं? मातीशी जुलंल आसं भिवंडीत ऱ्हायलंय काय?"

"राती, पाती, छाती, नाती. ढीगभर आहे."

"नाती जुलतात तुज्या पुस्तकात," जनूशेठ म्हणाले, आणि लिफ्ट सुटली.

ओळीच्या शेवटी आलेला शब्द उचलून पुढची ओळ सुरू करायची, ही त्यातली खुबी मला दिसली नव्हती असं नाही. मी नाक मुरडून सांगितलं, की याला दामयमक म्हणतात आणि जुन्या पंडितांनी ते कधीच करून ठेवलं आहे, तुमच्या कांडीने काही नवीन केलेलं नाही. चूक झाली. जनूशेठना तो शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून तो त्यांनी भिवंडीभर वाटायला काढला. भाजीवालीला दामयमक, रिक्षावाल्याला दामयमक. सलीमभाईच्या सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी दामयमक समजावलं, आणि ते गिऱ्हाईक बिग वाघ्याचं भक्त निघालं.

बिग वाघ्या हा सगळ्यांचा आवडता. त्याच्या गाण्यात गाडी असते, गाडीवर वाघ्या असतो आणि 'दादा'चं यमक 'दादा'शीच असतं. भिवंडी ते पडघा, एकही हळद त्याच्या गाण्याशिवाय लागत नाही. सलूनमध्ये त्या दिवशी अशी जुंपली की सलीमभाईने वस्तरा खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आरशावर पाटी लावली, "यहाँ पॉलिटिक्स और कांडी पर बहस मना है." जनूशेठनी त्या पाटीचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. राजकारणाच्या बरोबरीने नाव आलं म्हणून त्यांना कोण आनंद!

आमचे हे एकदा शेजारच्या काकांच्या अंत्ययात्रेला गेले होते, ते डोक्यावर हात मारत घरी आले. चिता पेटायची वाट बघत सगळे उभे, तर जनूशेठ मयताच्या जावयाला एका कोपऱ्यात घेऊन विचारत होते, "तुमचं काय म्हननं हाय? चवथी लाईन जुलवायला पायजे होती काय?" जावई दुःखात होता की सुटकेत कोण जाणे, पण तो म्हणे तावातावाने बोलला.

आमचे हे स्वभावाने गरीब. वाद म्हटला की ते चपला शोधायला लागतात. म्हणून एकदा जिन्यात त्यांनी सुटकेसाठी म्हणून टाकलं, "पटलं शेठ, तुमचं अगदी पटलं." जनूशेठनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू यांनी त्यांचं पाकीट मारलंय.

"काय पटलं? सांग बगू काय पटलं ते."

आमचे हे जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागले. जनूशेठ हात झटकून निघून गेले. नंतर मला येऊन म्हणाले, "बाय, तुजा नवरा मानूस चांगला हाय, पन कामाचा न्हाय." त्यांना हो म्हणणारी माणसं नकोच असायची. समोरच्याने मान डोलावली की त्यांचा चेहरा पडायचा, आणि "छे, काहीतरीच!" म्हटलं की तरतरी यायची. मी 'छे' म्हणण्यात तरबेज असल्यामुळे दिवसातून एकदा तरी माझ्या वाटेत त्यांचं येणं ठरलेलं होतं.

मग त्यांच्या पुतण्याची हळद आली.

आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी धवलारीण लागायची. लग्नातला एकेक विधी ती गाण्यातून, म्हणजे धवल्यातून, पार पाडायची. एकीने ओळ म्हणायची, जोडीदारणीने तिचा शेवट उचलून पुढे न्यायचा. जनूशेठची बायको हिरूबाई ही त्या भागातली नावाजलेली धवलारीण होती, हे मला पूर्ण्याच्या त्या मांडवात बसल्यावर कळलं. शेजारी बसलेल्या एका म्हातारीने सांगितलं, "हिरू गेली आनि आमचा मांडव मुका झाला." हे तिने माझ्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, कारण मांडव मुका वगैरे काही नव्हता. माणसाच्या उंचीचे स्पीकर होते आणि माझ्या छातीतलं काळीज त्यांच्या ठेक्यावर चाललं होतं. कोपऱ्यात आजही दोन बायका रीतीपुरतं काहीतरी गात होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

जनूशेठनी पुतण्याला आहेर म्हणून कांडीचं गाणं ठेवलं होतं. कांडी शिफ्ट संपवून थेट आला, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र तसंच. किडकिडीत, अदबशीर. मी मराठीची शिक्षिका आहे म्हटल्यावर बिचकला. मी विचारलंच, "ती चौथी ओळ मुद्दाम सोडलीस का?"

"नाय बाई," तो लाजत म्हणाला, "खरं सांगू? वहाँ मुझे तुक, वो यमक, मिलाच नाय. लय शोधला."

जनूशेठनी हे ऐकलं आणि ते त्याच्यावरच उखडले. "तू गप! तुला काय कलतं तुज्या गान्यातलं?"

कांडी गळ्यातलं ओळखपत्र सरळ करत राहिला. स्वतःच्या गाण्याबद्दल एवढ्या जोरात कोणी बोलल्याचं त्याने आयुष्यात ऐकलं नसावं.

तो स्टेजवर चढला आणि 'गेटपास' म्हणायला लागला. पहिल्या दोन ओळी लोकांनी ऐकल्या. तिसऱ्या ओळीला मागून कोणीतरी ओरडलं, "वाघ्या लाव रे!" मग दहा जण ओरडले. डीजेवाल्याला एवढंच हवं होतं. त्याने बटण फिरवलं आणि मांडवात वाघ आला. ज्यांच्या शेतावर शेड आली, शेडला शटर लागलं, तीच माणसं हळद फासून 'दादा, दादा' करत नाचायला लागली. मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! आपल्यावरचं गाणं आपल्याला नको असतं. आपल्याला वाघ पाहिजे.

जनूशेठ स्टेजवर चढले. कांडीच्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "थांबा! पयला ऐका! याला दामयमक बोलतात!"

लोक हसले. हळदीने पिवळी झालेली शे-दोनशे तोंडं, सगळी उघडी. जनूशेठ घसा फोडून सांगत होते, की बघा, शब्द कसा उचलतो, शेड, शेडला, शटर, शटरला. त्यांचा आवाज चिरकला. तेव्हा प्रदीप वर गेला, बापाच्या हातातून त्याने हळूच माईक काढून घेतला आणि म्हणाला, "बाबा, पुरे आता. लोकं हसतात." माईक चालू होता, त्यामुळे ते वाक्य सगळ्या मांडवाने ऐकलं. जनूशेठ खाली उतरताना खुर्ची धरायला गेले, ती हुकली आणि ते बसकण मारल्यासारखे जमिनीवर बसले. दवाखान्यात न्यावं लागलं. कांडी न जेवता निघून गेला.

ब्लड प्रेशर होतं. जिवावरचं नव्हतं, पण जपायला सांगितलं. आणि मग प्रदीप आमच्या बिल्डिंगमध्ये आला. वाईट माणूस नाही तो. एकेका दारात हात जोडून उभा राहिला. "डॉक्टर बोलले, एक्साईट होऊ द्यायचं नाही. बाबा काय पण बोलले तर फक्त हो म्हणा. प्लीज. त्या रॅपरचं बोलले तरी हो म्हणा." बापाला ठाण्याला घेऊन जा, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्याचे डोळे पाण्याने भरले होते आणि खाली गाडी चालू ठेवून तो वर आला होता. मीही हो म्हटलं.

आमची बिल्डिंग एरवी कुठल्याही गोष्टीवर एकमत करत नाही. पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत रडारड. पण या बाबतीत अशी एकी झाली की बघत राहावं. "कांडी भारी आहे ना?" "हो शेठ, भारी." "चवथी लाईन..." "एकदम बरोबर आहे शेठ." सिलिंडरवालाही हो म्हणायला लागला. सलीमभाईने आरशावरची पाटी काढली. सगळे किती समजूतदार! एका माणसाच्या तोंडावर गोड बोलून दार लावून घ्यायचं, याला आपण काळजी म्हणतो. भांडायला निदान समोर उभं राहावं लागतं.

पंधरवड्यात जनूशेठ निम्मे झाले. लिफ्टमध्ये येत, बटण दाबत आणि गप्प उभे राहत. दरवाजा बंद व्हायला लागला की बंद होऊ देत. लोक म्हणाले, बघा, तब्येत सुधारली.

एका रविवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते, तर दारात जनूशेठ. लिननच्या शर्टाची बटणं खालीवर लावलेली.

"बाय, एक इचारू? मी मेलो काय?"

"काहीतरीच काय शेठ! या, बसा."

"मेलेल्या मानसाला कोनी नावं ठेवत न्हाय. सगली माज्याशी तशी बोलतात," ते खुर्चीत बसत म्हणाले. "काल सलीमला मी काय बोललो ठाव हाय? बोललो, सलीम, बिग वाघ्याच खरा, कांडी एकदम बेकार. तर तो काय बोलतो? हाँ शेठ, सही बोला. वाघ्यावाल्या पोरांना बोललो, कांडीच खरा. ती पन बोलली, हो शेठ. मंग मी बोललो, भिवंडीत समिंदर हाय. तरी हो शेठ."

आतून आमच्या ह्यांनी मला खुणेने सांगितलं, हो म्हण, हो म्हणून टाक. मी त्यांच्याकडे पाठ केली.

मला आता एक अडचण होती. हळदीनंतर मी कांडीची गाणी मुद्दाम ऐकली होती, एकटी, कानाला लावून. वर्गात पुस्तकातली कविता शिकवताना मला 'निघते माती' आठवायला लागलं होतं. पोरगा खरंच लिहितो. तुक सापडलं नाही तिथे त्याने खोटं तुक बसवलं नाही, हे तर मला फार आवडलं होतं. पण समोर हा माणूस 'न्हाय' ऐकायला येऊन बसला होता, आणि उसनं 'न्हाय' त्यांनी लगेच ओळखलं असतं. खरंखुरं काहीतरी काढणं भाग होतं.

"खरं सांगू शेठ?" मी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मला नाही पटत तुमचा कांडी."

त्यांनी मान वर केली.

"शब्द चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण तो एकटाच बोलत सुटतो. स्वतःच ओळ टाकतो, स्वतःच उचलतो. समोरच्याने काही धरावं, पुढे न्यावं, अशी जागाच ठेवत नाही. ऐकणाऱ्याला आत शिरायला फट नको का? अशाने गाणं एकट्याचंच राहतं."

मला वाटलं, आता उसळतील. "पयला ऐक" म्हणतील, फोन काढतील. मी तयारीत बसले. पण जनूशेठनी फोनला हात लावला नाही. मेथीच्या काड्यांकडे बघत राहिले. मी घाबरले. ब्लड प्रेशर आठवलं.

"हिरू हेच बोलली," ते म्हणाले.

"हिरूबाईंनी ऐकला होता कांडी?"

"हास्पिटलात. तिला नल्या लावलेल्या. मी बोललो, जरा मन रमंल, फोनवर कायतरी लावतो, तर हाच लागला. शेड, शेडला शटर. मी बोललो, हिरू, बग, तुमच्या धवल्यासारखा उचलतो. तर बोलली, न्हाय. याला जोडीदारीन न्हाय. हा कोनाला जागा देत न्हाय." त्यांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "मी बोललो, तुला काय कलतं, तुमचा जमाना गेला. भांडलो आमी. नर्स वरडली. मी बोललो, घरी चल, घरी आलीस का पटवतो तुला. कशी पटत न्हाय बगतो."

घरी काही ती आली नाही.

म्हणजे हा माणूस इतके दिवस लिफ्टमध्ये, सलूनमध्ये, स्मशानात, मांडवात एकाच बाईशी भांडत होता. भिवंडीभर 'न्हाय' गोळा करत फिरत होता, त्यातलं एखादं तरी तिच्यासारखं निघेल म्हणून. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, हात जोडलेल्या मुलाच्या सांगण्यावरून, त्याच्या तोंडात 'हो' कोंबलं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि कोणाचा ते कळेना.

"शेठ, चहा टाकते," मी उठत म्हटलं.

"चाय ऱ्हाऊ दे." जनूशेठनी मला हाताने खाली बसवलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बोल ना बाय. आजून काय काय वाईट हाय त्याच्यात?"

मी बोलायला लागले. ज्या पोराच्या ओळी मला पाठ होत्या त्याचे मी यथास्थित वाभाडे काढले. ठेका चुकतो म्हटलं, श्वास पुरत नाही म्हटलं, हिंदी-मराठीची खिचडी करतो म्हटलं. कोणालाही वाक्य पुरं करू न देणारे जनूशेठ एकदाही मध्ये बोलले नाहीत. डोळे मिटून, मान हलवत ऐकत राहिले, आणि मी थांबले की तेवढंच विचारायचे, "मंग? मंग काय?"